गॅरामंड वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी कवितांचे अनुवाद, संस्थेची स्मरणिका, विद्यापीठातला लेखसंग्रह अशा कामांत कुणीतरी गॅरामंड या इंग्रजी फॉन्टचं नाव काढतं आणि मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

माझ्या कॉम्प्युटरवर चार वेगवेगळे गॅरामंड आहेत. खरा कोणता?

चारही खरे आणि चारही नंतरचे. गॅरामंड हे आता एका फॉन्टचं नाव राहिलेलं नाही. क्लोद गॅरामंड या सोळाव्या शतकातल्या पॅरिसच्या कारागिराने कोरलेल्या अक्षरांवरून, किंवा त्याचीच समजून दुसऱ्या कुणाच्या अक्षरांवरून, गेल्या शंभरेक वर्षांत अनेक कंपन्यांनी आपापला गॅरामंड काढला. एकच बंदिश चार गवयांनी गावी तसा हा प्रकार आहे. चीज लगेच ओळखू येते, पण जागा आणि लय प्रत्येकाची निराळी. म्हणून डीटीपीवाल्याला "गॅरामंडमध्ये लावा" एवढंच सांगून भागत नाही. मोनोटाइपचा, अ‍ॅडोबीचा, आयटीसीचा की ईबी, म्हणजे कोणत्या कंपनीचा किंवा आवृत्तीचा, हेही सांगावं लागतं. नाहीतर त्याच मजकुराचं पुस्तक एखाद्या फर्म्याने (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याने) वाढतं किंवा घटतं, आणि ते कळतं तेव्हा अंदाजपत्रक मंजूर होऊन गेलेलं असतं.

हा क्लोद गॅरामंड होता कोण?

जन्म १५१० च्या आसपासचा, मृत्यू १५६१ सालचा. त्याचा मुख्य धंदा अक्षरं कोरण्याचा. त्या काळी बरेच छापखाने आपली अक्षरं आपल्याच इथे करून घेत. गॅरामंडने अक्षरं कोरून इतर मुद्रकांना पुरवण्याला स्वतंत्र व्यवसायाचं रूप दिलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्यासाठी त्याने १५४० नंतर ग्रीक अक्षरांचा जो संच कोरला तो 'राजाची ग्रीक अक्षरं' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा नमुना होता आंगेलोस व्हर्गिकिओस या क्रीटहून आलेल्या लेखनिकाचं हस्ताक्षर.

'कोरणं' म्हणजे नेमकं काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की या अक्षरांकडे बघण्याची नजर बदलते. पोलादाच्या बोटभर दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तेही प्रत्यक्ष छपाईत येणार त्याच मापाचं. म्हणजे इंग्रजी 'ई'च्या (e) डोळ्यातली, म्हणजे वरच्या बंद भागातली, पोकळी मोहरीच्या दाण्याहून लहान. मधली पोकळी आधी वेगळ्या ठशाने ठोकून घ्यायची, मग बाहेरची बाजू कानशीने घासत आणायची. अधूनमधून दांडीचं टोक दिव्याच्या ज्योतीत धरून काजळी चढवायची आणि कागदावर दाबून बघायचं. मनासारखं उमटलं की पोलाद कडक करायचं, तांब्याच्या तुकड्यात ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिसं, कथील, अँटिमनीचा रस ओतून खिळे पाडायचे. प्रत्येक अक्षराला हेच, आणि प्रत्येक मापाला पुन्हा पहिल्यापासून.

गॅरामंड गेल्यावर त्याचे ठसे विकले गेले. त्यातले बरेच अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लांटिन या मुद्रकाकडे पोहोचले. त्या छापखान्याचं आता प्लांटिन-मोरेटस संग्रहालय झालं आहे. २००५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि गॅरामंडचे मूळ ठसे आजही तिथे आहेत.

'ओल्ड स्टाइल सेरिफ' म्हणजे काय? टाइम्स न्यू रोमनपेक्षा याचं वेगळं काय?

सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेली बारीक पायटी. 'ओल्ड स्टाइल' हा सेरिफ अक्षरांतला सगळ्यात जुना मोठा गट. १४७० च्या सुमारास व्हेनिसमध्ये निकोला जेन्सनने रोमन अक्षरं कोरली. पुढे तिथेच आल्डुस मानुतियुस या प्रकाशकासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेल्या अक्षरांत १४९६ साली पिएत्रो बेम्बोचं एक छोटं पुस्तक छापलं गेलं. पॅरिसच्या कारागिरांनी १५३० नंतर ज्याची कास धरली ते हे अक्षर. म्हणूनच १९५४ साली मॅक्सिमिलियाँ व्हॉक्सने अक्षरांचं वर्गीकरण केलं तेव्हा गॅरामंड आणि आल्डुस ही दोन नावं जोडून या गटाला 'गॅराल्ड' म्हटलं.

ओळखायचं कसं? एखादा शब्द ७२ पॉइंटला मोठा करा आणि लहान 'ओ' बघा. रेघ सगळ्यात बारीक कुठे होते? गॅरामंडमध्ये ती घड्याळातल्या ११ आणि ५ च्या जागी बारीक होते, २ आणि ८ जवळ जाड. म्हणजे 'ओ'चा कणा किंचित डावीकडे कललेला आहे. रुंद टोकाची लेखणी तिरकी धरून लिहिलं की असंच होतं. धातूत कोरलेल्या अक्षराने लेखणीची ही सवय सोडली नाही. पुढे अठराव्या शतकात बास्करव्हिल या अक्षरात हा कल जवळजवळ उभा झाला आणि शतकाच्या शेवटी बोडोनी-दिदो या अक्षरांपर्यंत पूर्ण ताठ. जाड रेघ फार जाड, बारीक रेघ केसासारखी.

मग लहान 'ई' बघा. तिचा डोळा अगदी छोटा आणि वर चढलेला, मधली रेघ आडवी. जेन्सनच्या वळणात हीच रेघ तिरकी असते. लहान 'ए'चं (a) पोटही छोटंच. 'बी', 'डी', 'एच', 'एल' यांचे दांडे कॅपिटल अक्षरांपेक्षाही थोडे उंच जातात. जाड-बारीकातला फरक मवाळ, आणि पायटी दांड्याला वळण घेऊन मिळते, काटकोनात चिकटवल्यासारखी नाही.

टाइम्स न्यू रोमन हा १९३२ सालच्या लंडनच्या दैनिकासाठी केलेला. स्तंभ अरुंद, छपाई वेगवान, जागेची काटकसर. म्हणून त्याची लहान अक्षरं उंच, रुंदी आवळलेली, जाड-बारीक फरक जास्त. उत्तम अक्षर आहे, पण ते वर्तमानपत्राचं. गॅरामंड मुळात पुस्तकाचा, आणि त्याला मोकळी जागा लागते.

वर्डमधला गॅरामंड मुळात गॅरामंडचा नाहीच, असं ऐकलं. अफवा की खरं?

खरं. आणि यामागची हकिगत अक्षरांच्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती.

फ्रान्सच्या शासकीय छापखान्याकडे जुन्या अक्षरांचा एक संच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो गॅरामंडचा मानला गेला आणि १९०० च्या सुमारास पुन्हा वापरात आला. त्यावरून अमेरिकन टाइप फाउंडर्सने पहिल्या महायुद्धाच्या काळात आपला गॅरामंड काढला, १९२२ मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइपने काढला. सगळीकडे वाहवा झाली.

त्या अमेरिकन कंपनीच्या ग्रंथालयात बिआट्रिस वॉर्ड ही तरुण मुलगी काम करायची. तिथले ग्रंथपाल हेन्री बुलेन यांनी एकदा तिच्याजवळ शंका बोलून दाखवली: सोळाव्या शतकातल्या एकाही पुस्तकात हे अक्षर मला दिसलेलं नाही. पुढे ती युरोपात आली आणि हा धागा तिने शेवटपर्यंत ओढला. ही अक्षरं जाँ जानों या मुद्रकाची निघाली. प्रोटेस्टंट पंथाच्या या कारागिराने सेदां गावी १६२१ साली त्यांचा नमुनासंच छापला होता, म्हणजे गॅरामंडच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. वॉर्डने १९२६ साली हे सगळं 'द फ्लूरॉन' या नियतकालिकात पुराव्यानिशी मांडलं, पण 'पॉल बोझों' या पुरुषी टोपणनावाने. लेख वाचून मोनोटाइपने या बोझों महाशयांना नोकरी देऊ केली, आणि कामावर रुजू व्हायला बाई आल्या.

मोनोटाइपने नाव मात्र बदललं नाही. तोच गॅरामंड पुढे मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर जगभर गेला. खूण हवी असेल तर लहान 'एन', 'एम', 'आर' यांच्या डोक्यावरची टोकं बघा. त्यांचा उतार खोलगट आणि धारदार आहे. इटॅलिक कॅपिटल्स एका ओळीत टाइप करून बघा. प्रत्येकाचा कल थोडा वेगळा, कुणी जास्त झुकलेलं, कुणी कमी. काहींना तो दोष वाटतो. मला त्यातच गंमत वाटते, फक्त लांब इटॅलिक उतारा मी त्यात लावणार नाही.

मग कोणता घ्यावा?

पैसे न घालता हवा असेल तर ईबी गॅरामंड. त्यातला 'ईबी' म्हणजे एगेनोल्फ आणि बेर्नर ही अक्षर-व्यवसायातली दोन नावं. कॉनराड बेर्नर या फ्रँकफर्टच्या अक्षर-व्यावसायिकाने १५९२ साली एक नमुनापत्रक छापलं. त्यात गॅरामंडची रोमन (सरळ उभी) आणि त्याचा समकालीन कारागीर रोबेर ग्रांजाँ याची इटॅलिक (तिरकी) अक्षरं नावानिशी दाखवली आहेत. ऑस्ट्रियाच्या गेओर्ग डुफनरने २०११ च्या सुमारास त्यावरून हा फॉन्ट करायला घेतला, पुढे ऑक्टाव्हियो पार्दो यांनी जाड वजनं, म्हणजे जास्त ठळक रूपं, जोडली.

अ‍ॅडोबी गॅरामंड रॉबर्ट स्लिमबाख यांनी १९८९ मध्ये केला. शांत, समतोल, कुठेही न खटकणारा. त्यांचाच २००५ चा गॅरामंड प्रीमियर जास्त श्रीमंत आहे. तळटीप, मजकूर, उपशीर्षक, शीर्षक यांसाठी त्यात वेगवेगळी रेखाटनं आहेत. लहान मापाला थोडी जाड नि सैल अक्षरं, मोठ्या मापाला नाजूक. खिळ्यांच्या काळात हे आपोआप व्हायचं, कारण प्रत्येक माप स्वतंत्र कोरलं जायचं.

साबों हे नाव दिसलं तर बिचकू नका, तोही याच घरातला. यान चिखोल्डने १९६० च्या दशकात तो केला तेव्हा अट विचित्र होती: हाताने जुळवायचे खिळे, मोनोटाइप आणि लायनोटाइप ही जुळणीयंत्रं, तिन्हीकडून छापलं तरी अक्षर सारखंच दिसलं पाहिजे. लायनोटाइपवर इटॅलिकला रोमनइतकीच रुंदी द्यावी लागे, त्यामुळे साबोंचं इटॅलिक ऐसपैस आहे. गद्यासाठी मला हा फार आवडतो.

आयटीसी गॅरामंड हा १९७० च्या दशकातला, टोनी स्टॅनचा. लहान अक्षरं चांगलीच उंच केलेली. जाहिरातीला ठीक, पुस्तकाला नको. नाव सोडलं तर त्यात गॅरामंडचं फारसं काही उरलेलं नाही.

जुन्या अ‍ॅपलच्या जाहिरातींतला फॉन्ट हाच का?

आयटीसी गॅरामंडच, पण अंगाने आवळून घेतलेला. १९८४ च्या मॅकिंटॉशपासून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत अ‍ॅपलने तो वापरला.

१२ पॉइंट ठेवूनही अक्षर लहान का दिसतं?

पॉइंट हे अक्षराचं माप नसून अक्षर ज्या चौकटीत बसतं तिचं माप आहे. खिळ्यांच्या काळात ती धातूची चौकट होती, आता काल्पनिक आहे. गॅरामंडमध्ये या चौकटीतली बरीच जागा वर जाणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या दांड्यांना दिली आहे, म्हणून मधली अक्षरं बुटकी. टाइम्सचं ११ आणि गॅरामंडचं १२ साधारण एकाच नजरेत येतात.

हे किरकोळ वाटतं, पण यावर न्यायालयालाही बोलावं लागलं आहे. वॉशिंग्टन डीसीच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये वकिलांना सूचना काढली की युक्तिवादाच्या कागदपत्रांत गॅरामंड टाळा, तो लहान दिसतो. शब्दमर्यादेचं ओझं हलकं दिसावं म्हणून वकील तो वापरत असतील, असं म्हणायला मी जाणार नाही, पण प्रबंधाची पानं कमी करायला तो वापरणारे विद्यार्थी मला माहीत आहेत.

गॅरामंड वापरला की शाई वाचते का?

२०१४ साली अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने हिशेब मांडला की सरकारने सगळी कागदपत्रं गॅरामंडमध्ये छापली तर दरवर्षी कोट्यवधी डॉलरची शाई वाचेल. बातमी जगभर गाजली. मुलगा हुशार होता यात वाद नाही, पण तुलना समान पॉइंटवर केलेली होती. तेवढ्याच पॉइंटला गॅरामंड मुळातच लहान दिसतो, म्हणून शाई कमी लागते. वाचायला सारखा दिसेल इतका मोठा केला की बचत बरीचशी विरते. शिवाय मोठ्या खपाची छपाई ऑफसेटवर होते आणि तिथे शाईचा खर्च घरच्या इंकजेटसारखा भारी नसतो. बचतच करायची तर एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंना छापा.

डेमी आकाराच्या पुस्तकाला किती पॉइंट, किती लीडिंग (ओळींमधलं अंतर), कोणता कागद?

ईबी किंवा अ‍ॅडोबी गॅरामंड असेल तर मी ११.५ वर १४ पासून (११.५ पॉइंटचं अक्षर, १४ पॉइंटचं लीडिंग) सुरुवात करतो. वाचक ज्येष्ठ असतील तर १२.५ वर १५.५. एका ओळीत जागा धरून साठ-पासष्ट अक्षरं यावीत. डेमीत समास नीट सोडले तर ती येतात.

कागदाबाबत मात्र आग्रह आहे. गॅरामंडची अक्षरं ओलसर केलेल्या हातकागदावर दाबून छापली जात, शाई थोडी पसरायची आणि रेघ भरायची. डिजिटल फॉन्टमध्ये ती रेघ पुष्कळदा छापण्याआधीच्या ठशाइतकी बारीक ठेवलेली असते. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत आर्ट पेपरवर ऑफसेटने ती छापली की पान अशक्त दिसतं. नॅचरल शेडचा मॅपलिथो घ्या, ७० किंवा ८० जीएसएम. त्याच अक्षराला लगेच जीव येतो. लेझर प्रिंटवर पास केलेलं पान आणि मशीनवरून आलेलं पान यांत फरक पडतो, म्हणून पहिला फर्मा चढताना छापखान्यात जाऊन शाई बघून यावी. तिथला मशीनमन ही गोष्ट तुमच्या डिझायनरपेक्षा चांगली जाणतो.

बोल्ड का विचित्र दिसतं?

कारण गॅरामंडने बोल्ड कधी कोरलंच नाही. मजकुराच्या जोडीला ठळक अक्षर ही एकोणिसाव्या शतकातली कल्पना. आजचे सगळे गॅरामंड बोल्ड ही नंतरच्या डिझायनरांची भर आहे. उपशीर्षकाला स्मॉल कॅप्स (लहान अक्षरांच्या उंचीची कॅपिटल्स) घ्या, किंवा इटॅलिक, किंवा नुसती वर एक ओळ जागा सोडा. पाठ्यपुस्तकासारखं पान हवं असेल, पानागणिक दहा ठळक संज्ञा असतील, तर हे अक्षरच निवडू नका.

इटॅलिक कुणाचं?

चांगल्या आवृत्त्यांत बहुतेक ग्रांजाँचं. सोळाव्या शतकात इटॅलिक हे रोमनचं जोडपात्र नव्हतं, ते स्वतंत्र अक्षर होतं आणि अख्खी पुस्तकं त्यात छापली जायची. त्यामुळे गॅरामंडचं रोमन आणि ग्रांजाँचं इटॅलिक ही जोडी पुढच्यांनी लावून दिलेली आहे. लग्न चांगलं टिकलं. ज्या फॉन्टला इटॅलिकची फाइलच नाही तिथे प्रोग्रॅम रोमन अक्षर ढकलून तिरकं करतो. ते लहान 'ए'वरून पकडता येतं. खऱ्या इटॅलिकमध्ये 'ए' एकमजली, म्हणजे वरच्या आकड्याशिवायचा, असतो.

आकडे ओळीत वरखाली का होतात?

ते ओल्ड स्टाइल आकडे. तीन, चार, पाच, सात, नऊ ओळीखाली उतरतात. सहा आणि आठ वर चढतात. मजकुरात सनावळ्या आल्या की हे आकडे लहान अक्षरांत मिसळून जातात, डोळ्याला धक्का बसत नाही. जमाखर्चाच्या तक्त्यात मात्र नको. तिथे प्रोग्रॅममधल्या ओपनटाइपच्या (फॉन्टच्या जादा सोयींच्या) पर्यायांतून सारख्या उंचीचे आणि सारख्या रुंदीचे आकडे निवडा, म्हणजे एकक-दशक एकाखाली एक येतील.

मराठी मजकुरात मधूनमधून इंग्रजी शब्द आहेत. देवनागरीसोबत गॅरामंड चालतो का?

चालतो, पण जोडीदार बघून. ईबी गॅरामंडमध्ये लॅटिन, ग्रीक, सिरिलिक आहे, देवनागरी नाही. तेव्हा देवनागरी फॉन्ट तुम्हालाच निवडायचा आहे.

पहिली अडचण लेखणीची. रोमन लेखणीचा काप आणि आपल्या बोरूचा काप एकमेकांच्या उलट. त्यामुळे रोमनमध्ये जाड रेघ जिथे येते, देवनागरीत तिथे बारीक येते. परंपरागत वळणाचा देवनागरी फॉन्ट आणि गॅरामंड शेजारी ठेवले तर दोघांचे कल समोरासमोर झुकलेले दिसतात. हे लपवायचा प्रयत्न करू नये. दोन लिप्या आहेत, त्या दोनच दिसाव्यात. जुळवायचा तो पानाचा काळेपणा. डोळे किलकिले करून पान बघा; इंग्रजी शब्दाच्या जागी पांढरं भोक पडल्यासारखं वाटलं तर गॅरामंड फिका पडतोय. ईबीचं मीडियम वजन घेऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

मंगल किंवा मुक्तासारख्या जवळजवळ एकसारख्या जाडीच्या देवनागरीबरोबर गॅरामंड उपरा दिसतो. टिरो देवनागरी मराठी जास्त जवळचा. जाड-बारीकपणा आहे आणि 'ल', 'श' मराठी वळणाचे आहेत. त्याची स्वतःची रोमन अक्षरंही आहेत, ती आधी लावून बघा, कदाचित गॅरामंडची गरजच उरणार नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही मजकुरासाठी चांगला आहे.

दुसरी अडचण उंचीची. देवनागरीत वर मात्रा-रफार, खाली उकार, जोडाक्षरांचे मजले, म्हणून मूळ अक्षर चौकटीत लहान बसवलेलं असतं. इतर रोमन फॉन्ट त्याच्याशेजारी दांडगे दिसतात. इथे गॅरामंडचा बुटकेपणा कामी येतो. शिरोरेखा रोमनच्या लहान अक्षरांच्या किंचित वर आणि कॅपिटलच्या खाली राहिली की ओळ सरळ वाटते. लीडिंग नेहमी देवनागरीच्या गरजेनुसार ठेवा.

पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करून परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच ग्रेप स्टाइल (अक्षरं नमुन्यावरून ओळखून त्यांना रूप देणारी सोय) घातली, की रोमन अक्षरांना गॅरामंड आपोआप लागतो. वर्डमध्ये फॉन्टच्या खिडकीत रोमनसाठी एक आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी एक असे दोन रकाने असतात, दोन्ही भरा.

सगळा मजकूर निवडून गॅरामंड लावला आणि मराठीचं भजं झालं. आता?

आधी कंट्रोल-झेड. तुमची फाइल युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट बदलला की मुखवटा जातो आणि खालची चिन्हं उघडी पडतात. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग मूळ प्रत शेजारी ठेवून प्रूफ वाचा. रफार, 'र' जोडलेली अक्षरं, ऱ्हस्व वेलांटी आणि इंग्रजी शब्द इथे हमखास गडबड होते. परस्पर इंग्रजी शब्द शोधून त्यांनाच गॅरामंड लावण्याचा मार्गही आहे, पण पुढच्या आवृत्तीला तोच त्रास पुन्हा होईल.

संस्कृत-मराठी शब्द रोमनमध्ये द्यायचे आहेत, अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली ठिपके लागतात. जमेल?

ईबीत आणि गॅरामंड प्रीमियरमध्ये जमतं. सगळ्या गॅरामंडांत नाही, आणि पंचाईत अशी की प्रोग्रॅम तक्रार करत नाही. नसलेलं अक्षर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उचलून आणतो. मग एका शब्दात एकच अक्षर वेगळ्या चेहऱ्याचं. काम सुरू करण्याआधी पाच शब्द टाइप करून बघा: ज्ञानेश्वर, पंढरपूर, आळंदी, कृष्ण, टाळ. यांत जवळपास सगळी खुणांची अक्षरं येतात. हेच शब्द इटॅलिकमध्ये आणि स्मॉल कॅप्समध्येही तपासा. अडतं ते बहुधा तिथेच.

वेबसाइटवर चालेल?

लांब लेखाला, १९-२० पिक्सेलच्या पुढे, चांगल्या स्क्रीनवर चालेल. बटणं, मेनू, फॉर्म यांना नको. स्वस्त मोबाइलवर आणि जुन्या मॉनिटरवर 'ई'चा डोळा भरून जातो.

मराठी साइटवर एक खास खोच आहे. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, गॅरामंड आधी आणि देवनागरी फॉन्ट नंतर लिहिला, तर मराठी वाक्यांतले स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हंही गॅरामंडमधून येतात आणि देवनागरीशेजारी किरटी दिसतात. क्रम उलटा केला तर इंग्रजी शब्दही देवनागरी फॉन्टच्या रोमन अक्षरांत जातात. उपाय म्हणजे सीएसएसमधला युनिकोड-रेंज हा पर्याय वापरून गॅरामंडला फक्त रोमन अक्षरांपुरता बांधून ठेवणं. साइझ-अ‍ॅडजस्टने दोघांची उंचीही जुळवता येते.

लग्नपत्रिका, लोगो, दुकानाची पाटी?

पत्रिकेच्या इंग्रजी बाजूसाठी बरेच जण कॉर्मोरंट गॅरामंड घेतात. क्रिस्टियान थालमान यांचा हा फॉन्ट मोठ्या मापासाठीच काढलेला, फार नाजूक आणि देखणा. नावं त्यात छान दिसतात. पण खाली मुहूर्त, पत्ता आणि 'आपले विनीत'ची यादी त्याच फॉन्टमध्ये ८ पॉइंटला, वर सोनेरी शाईत घातली की आजोबांना वाचता येत नाही आणि फोन करून पत्ता विचारावा लागतो. तो भाग ईबीमध्ये घ्या. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर एक वजन वर चढा, कारण शाई बाजूंनी आत सरकते. पाटीला गॅरामंड नको. रस्त्यापलीकडून वाचायचं अक्षर हे नव्हे.

लायसन्सचं काय? ऑफिसबरोबर आलेला फॉन्ट पुस्तकाला वापरला तर चालतो का?

छापील पुस्तक किंवा पीडीएफ करायला साधारणपणे अडचण येत नाही. पण ती फॉन्टची फाइल उचलून वेबसाइटवर चढवणं, अ‍ॅपमध्ये घालणं किंवा छापखान्याला पेनड्राइव्हवर देणं हे वेगळं, त्याला परवाना लागतो. अ‍ॅडोबीचे गॅरामंड वर्गणी चालू असेपर्यंत मिळतात. वर्गणी संपल्यावर जुनी फाइल उघडली की फॉन्ट गायब असतो, तेव्हा छापलेल्या पुस्तकाची अंतिम पीडीएफ जपून ठेवा. ईबी आणि कॉर्मोरंट दोन्ही खुल्या परवान्याखाली आहेत. व्यावसायिक कामात, ई-पुस्तकात, वेबवर कुठेही वापरा, छापखान्याला फाइल द्या, हवं तर बदलही करा. फक्त फॉन्ट म्हणून तो स्वतंत्रपणे विकता येत नाही, आणि बदललेला फॉन्ट वाटायचा तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.